आमेन थॉम्पसनचा लांबचा शॉट आणि आपल्याकडची घाई

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ह्यूस्टन रॉकेट्सने आमेन थॉम्पसनला चौथ्या क्रमांकावर निवडले आणि त्याचा जुळा भाऊ ऑसार लगेच पाचव्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला. उडी, वेग, चेंडू हाताळण्याची सफाई आणि बचाव पाहता असे गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारे खेळाडू) क्वचितच मिळतात, पण लांबून शॉट मारणे दोघांनाही जमत नाही, असे तेव्हा सगळेच म्हणत होते. मी ह्यूस्टनच्या एका उपनगरात राहतो आणि हा संघ नियमाने पाहतो, त्यामुळे आमेनच्या शॉटविषयीची इथली चर्चा मी सुरुवातीपासून ऐकत आलो आहे. ती ऐकताना आपल्याकडे तरुण खेळाडूच्या उणिवेभोवती जी चर्चा रंगते, तिची आठवण होतेच. उणीव दोन्हीकडच्या लोकांना बरोबर कळते. ती कळल्यानंतर खेळाडूचे काय करायचे, या प्रश्नावर मात्र रस्ते वेगळे होतात, आणि त्यामागे केवळ इथल्या लोकांचा समजूतदारपणा आहे, असे मानायला मी तयार नाही.

आधी उणीव किती मोठी आहे ते पाहू. पहिल्या हंगामात थॉम्पसनचे थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेले शॉट, 13.8 टक्के पडले, दुसऱ्या हंगामात, म्हणजे 2024-25 मध्ये, 27.5 टक्के. एनबीएची सरासरी 36 टक्क्यांच्या आसपास असते. 27.5 टक्क्यांनी मारणाऱ्याच्या प्रत्येक थ्री-पॉइंटरमागे संघाला सरासरी 0.83 गुण मिळतात, 36 टक्केवाल्याच्या प्रत्येक प्रयत्नामागे 1.08. दुसरीकडे हाच मुलगा रिंगपाशी पोहोचला की त्याला अडवणे महाकठीण असते, म्हणूनच त्या हंगामात त्याचे सगळे शॉट मिळून यशाचे प्रमाण 55.7 टक्के होते. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला हे गणित तोंडपाठ असते. तो आपल्या खेळाडूला सांगतो, थॉम्पसनला बाहेर मोकळा सोड, त्याने तिथून मारावे हीच आपली इच्छा आहे.

टीव्हीवर चेंडूमागे नजर धावते, त्यामुळे याचा परिणाम चटकन दिसत नाही. वरच्या स्वस्त खुर्च्यांमधून तो स्वच्छ दिसतो. रॉकेट्सचा उंच सेंटर अल्पेरेन शेंगुन रिंगकडे पाठ करून चेंडू मागतो, थॉम्पसन कोपऱ्यात उभा असतो, आणि त्याच्यावर नेमलेला बचावपटू त्याच्याजवळ नसतोच. तो रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात एक पाय ठेवून शेंगुनच्या वळण्याची वाट पाहत असतो. म्हणजे थॉम्पसनला शॉट येत नाही याची किंमत शेंगुन मोजतो. यावर रॉकेट्सचे प्रशिक्षक इमे उडोका यांनी काढलेली तोड साधी होती: थॉम्पसनला कोपऱ्यातून उचलून बेसलाइनवर (रिंगमागच्या सीमारेषेपाशी) रिंगच्या अगदी जवळ उभे करायचे, किंवा त्यालाच स्क्रीन लावायला, म्हणजे सहकाऱ्याच्या बचावपटूची वाट अंगाने अडवायला पाठवायचे, म्हणजे त्याला मोकळा सोडणे महागात पडते. साखळी सामन्यांत हे बऱ्यापैकी चालले. जानेवारी 2025 मध्ये जबारी स्मिथ ज्युनियरच्या हाताला दुखापत झाली, थॉम्पसन सुरुवातीच्या पाचांत आला आणि त्याच महिन्यात बोस्टनमध्ये त्याने 33 गुण करून शेवटच्या सेकंदात सामना जिंकून दिला. तो शॉटही जवळचाच होता. हंगामअखेर त्याची सरासरी 14.1 गुण आणि 8.2 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) होती, आणि सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात त्याचे नाव आले.

मग प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरचे बाद फेरीचे सामने, आले. 52 विजय मिळवून पश्चिम विभागात दुसरा आलेला संघ गोल्डन स्टेटशी पहिल्याच फेरीत मालिकेच्या सातव्या, अखेरच्या सामन्यात हरला, तोही घरच्या मैदानावर. त्या रात्री गोल्डन स्टेटच्या बडी हील्डने एकट्याने नऊ थ्री-पॉइंटर टाकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. त्यानंतर संघाने केव्हिन ड्युरँटला आणले. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये संघाचा मुख्य गार्ड फ्रेड व्हॅनव्हलीटच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि चेंडू पुढे नेण्याचा भार थॉम्पसनच्या खांद्यावर येणार हे स्पष्ट झाले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूला शॉट नसेल तर त्याला दुसरीकडे हलवता येते. ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याला लपवणार कुठे?

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी अलीकडची चर्चा पृथ्वी शॉची. ऑक्टोबर 2018 मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने 134 धावा केल्या, तेव्हा त्याच्या तंत्राविषयी शंका काढणाऱ्याला कोणी उभे करत नव्हते. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला तो दोन्ही डावांत, 0 आणि 4 धावांवर, बॅट आणि पॅडमधल्या फटीतून त्रिफळाचीत झाला, आणि त्याच लोकांना ती फट अचानक वावभर दिसू लागली. त्यानंतर तो कसोटी खेळलेला नाही. त्याच्या बाबतीत तंदुरुस्ती आणि शिस्त हेही विषय होते, त्यामुळे ही तुलना फार ताणता येणार नाही. मला खटकली ती चर्चेची रीत. एका गटाचे म्हणणे, त्याचा नैसर्गिक खेळ बिघडवू नका; दुसऱ्याचे म्हणणे, तंत्र नसेल तर घरी बसवा. उणीव मान्य करून, तरीही त्याला कोणत्या जागी, कोणत्या परिस्थितीत खेळवत ठेवता येईल आणि दुरुस्तीला किती वर्षे द्यायची, हा मधला प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हता. इथे थॉम्पसनविषयी नेमका तोच प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत संघाचे टीकाकारही असतात.

पण हा संयम काही आभाळातून पडलेला नाही. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूच्या कराराची पहिली दोन वर्षे हमखास असतात आणि पुढच्या दोन वर्षांचा निर्णय संघाच्या हाती असतो. त्यामुळे इतकी गुंतवणूक केलेल्या मुलाला एका वाईट महिन्यावरून कोणी बाहेर बसवत नाही. थॉम्पसन तर त्याआधीच अटलांटाच्या ओव्हरटाइम एलिट या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता, जिने सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूला वर्षाला किमान एक लाख डॉलर देण्याचे जाहीर केले होते. आपल्याकडे राज्याच्या संघातून एक वर्ष बाहेर राहिलेल्या बास्केटबॉलपटूची नोकरीची संधीच धोक्यात येऊ शकते, कारण रेल्वेसारख्या ठिकाणची खेळाडूंसाठी असलेली भरती हाच त्याचा मोठा आधार. तिथे ‘धीर धरा’ असे परदेशातून सांगणे सोपे आहे, आणि तसे सांगणाऱ्या अनिवासी मंडळींत मला बसायचे नाही.

माझा भाचा पुण्यात शाळेच्या संघातून पॉइंट गार्ड खेळतो. ‘तुझा हात लांबचा नाही, तू आत घुसत जा,’ असे त्याला त्याच्या सरांनी सांगितले, आणि त्यांचेही चुकले नाही. मैदान सिमेंटचे आणि उघडे आहे, संध्याकाळी वारा सुटतो, रिंग एका बाजूला किंचित झुकलेली आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने सराव जवळजवळ बंद असतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर असते (एनबीएत ती 7.24 मीटरवर आहे), पण वाऱ्यात हलणाऱ्या चेंडूला हा हिशेब कोण सांगणार! लांबचा शॉट म्हणजे एकच हालचाल हजारो वेळा तशीच्या तशी करणे, आणि त्यासाठी छत लागते, सरळ रिंग लागते, चेंडू परत आणून देणारे कोणीतरी लागते. इथे साध्या सरकारी शाळेतही लाकडी फरशीचे बंदिस्त मैदान असते, आणि बऱ्याच ठिकाणी जाळी लावलेले यंत्र पडलेला चेंडू आपोआप परत फेकत राहते. नागपाड्याच्या बच्चू खान मैदानासारख्या उघड्या जागांतून भारताला उत्तम खेळाडू मिळाले हे खरे, पण तो खेळ आत घुसण्याचा, अंगावर अंग घेण्याचा होता. मैदानाने तो तसा घडवला.

थॉम्पसनचे काय होईल, यावर इथे दोन उदाहरणे सारखी पुढे केली जातात. जेसन किडने पहिल्या हंगामात 27 टक्क्यांच्या आसपास थ्री-पॉइंटर टाकले होते. पंधरा वर्षांनी, 2009-10 मध्ये, तो 42.5 टक्क्यांवर होता. दुसरे बेन सिमन्सचे. 2016 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर आलेला हा खेळाडू 2021 च्या प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात रिंगखाली मोकळा असताना चेंडू दुसऱ्याला देऊन बसला, कारण त्याला फ्री थ्रोची, म्हणजे फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, धास्ती वाटत होती, असे बहुतेकांचे मत झाले. त्या प्लेऑफमध्ये त्याचे फ्री थ्रो 34 टक्के पडले होते. मला मात्र तिसरे उदाहरण जास्त लागू वाटते, ते टोनी पार्करचे. सॅन अँटोनियोचे शूटिंग प्रशिक्षक चिप एंगेलंड यांनी त्याला थ्री-पॉइंटर काही काळ बाजूला ठेवायला लावला, मधल्या अंतराचा शॉट पक्का करून घेतला, आणि 2007 च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

म्हणून थॉम्पसनने ड्रिबल करत येऊन थ्री-पॉइंटर मारावा, असा इथल्या काही मंडळींचा जो हट्ट आहे, तो मला पटत नाही. पहिल्या दोन हंगामांत त्याचे फ्री थ्रो 68 टक्क्यांच्या आसपासच अडकले होते. फ्री थ्रोला अंगावर कोणी नसते, अंतर ठरलेले असते, घाई नसते, त्यामुळे हात किती बसला आहे याचा सर्वात प्रामाणिक पुरावा तिथेच मिळतो. तो आकडा आधी 75 वर जावा. मग फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास थांबून मारायचा जंप शॉट, म्हणजे पट्ट्यात बसलेल्या बचावपटूला बाहेर यावेच लागेल. त्यानंतर कोपऱ्यातला, पाय रोवून मारायचा थ्री-पॉइंटर, तोही सामन्यात दोन-तीनच. ते 33 टक्के पडू लागले तरी शेंगुनला वळायला जागा मिळेल.