बाई इतिहासातली, नथ आपली

ऐतिहासिक स्त्रीवर सिनेमा काढताय? मग आधी नथ ठरवा, कागदपत्रं नंतर बघू. नाही बघितली तरी बिघडत नाही. 'सर्जनशील स्वातंत्र्य घेतले आहे' ही पाटी असतेच, आणि पब्लिक पॉपकॉर्न घेऊन आत येईपर्यंत ती निघूनही जाते.

मग बाईला काम द्या. काम म्हणजे औक्षण. पुढे निरांजनाची ज्योत, मागे डबडबलेले डोळे. राजे घोड्यावर बसले की बाई बुरुजावर. पंखा अशा बाजूने लावा की पदर कॅमेऱ्याकडेच उडेल, वारा रायगडाचा असो वा नसो.

संभाजीराजांच्या राणी येसूबाईच घ्या ना. राजे मोहिमेवर असताना गडावरचा कारभार त्या बघत. 'श्री सखी राज्ञी जयति' हा त्यांचा स्वतःचा शिक्का. आता हिशेब-हुकूम वाचणारी बाई पडद्यावर कोण बघणार? शिक्का दाखवाच, पण क्लोजअप बांगड्यांचा घ्या.

1689च्या मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली, की सिनेमा आटपा. पंचाईत एवढीच, की बाईची गोष्ट पुढेच रंगते. रायगडाला झुल्फिकारखानाचा वेढा, पदरात सात वर्षांचाही न झालेला मुलगा. गादीवर त्याला न बसवता त्यांनी दीर राजारामांना पुढे केलं, गडाबाहेर काढलं, आणि स्वतः मुलासह गडावर राहिल्या. गड पडला, दोघं मोगलांच्या कैदेत. मुलगा 1707 साली सुटला. आई परतली 1719 साली, बाळाजी विश्वनाथांबरोबर. जवळजवळ तीस वर्षं! एवढ्यात एक गाणं बसत नाही हो. गाळा.

राजारामांच्या राणी ताराबाई तर नकोच. पंचविशीत वैधव्य आलं, तरी सात वर्षं औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली, इथवर ठीक. पण ही बाई पानिपतानंतरही जिवंत, 1761च्या डिसेंबरपर्यंत! सुरकुत्या पोस्टरवर कशा लावणार?

त्यापेक्षा बाजीरावांच्या पत्नी काशीबाई सोप्या. चासच्या सावकारी घरातली लेक वगैरे तपशिलात शिरू नका. 2015 साली 'बाजीराव मस्तानी'त मस्तानीबरोबर पिंगा घालून झालाच आहे त्यांचा. (पिंगा मंगळागौरीचा, रात्रभर जागणाऱ्या बायकांचा खेळ. असो, झुंबराखाली छान दिसतो.)

नाचावर आरडाओरडा होईल, होऊ द्या. लागलं तर 2025 साली 'छावा'तली संभाजीराजांची लेझीम कापली तसं कापा. गाळलेल्या तीस वर्षांसाठी कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

अगदीच मनाला लागलं, तर शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ टाका: 'पुढे येसूबाई 1719 साली परतल्या.' अक्षरं बारीक ठेवा. तोवर दिवे लागलेले असतात, आणि लोक सीटखाली चप्पल शोधत असतात.