ह्यानी चटई व्हत नही

मी हे महेश्वरच्या एका लॉजवर बसून लिहितोय. उद्या सकाळी एकट्यानं नर्मदेत कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, उतरवायची आहे. खरं तर आज रात्री मला सहस्रधारेची काळजी करायला हवी. तिथे नदी कातळावर फुटून असंख्य वाटांनी पळते आणि मी मुकाट्यानं कयाक ओढत काठानं जाणार आहे. त्याऐवजी मी टॉर्च लावून कयाकच्या शेपटीवरची नखाएवढी खाच बघतोय. ही खाच नर्मदेनं पाडलेली नाही. ती नरडाण्याच्या अलीकडे एका आबांनी पाडली.

पुण्याहून पहाटे चारला निघालो. नाशिक, चांदवड, मालेगाव. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की गाडी साठच्या वर गेली की टपावर कयाक बांधलेला पट्टा भुंग्यासारखा घोंघावतो. पट्ट्याला एक पीळ दिला की थांबतो, हे मला मालेगावात कळलं. म्हणजे तीनशे किलोमीटर भुंगा ऐकून झाल्यावर.

धुळ्यात शेवभाजी खाल्ली. मोहिमेचा आहार म्हणून खजूर आणि चिक्की मोजून आणली होती, पण धुळ्यात येऊन खजूर खाणाऱ्या माणसावर नदीनं तरी का विश्वास ठेवावा? मग सोनगीरची तांब्या-पितळेची दुकानं मागे पडली, आणि डाव्या बाजूचं मागचं चाक बसलं.

पंक्चरचं दुकान समोरच होतं. पोरानं जॅक लावला, मी शेजारी चहाला गेलो. पाच मिनिटं, फार तर सात. परत येतो तर पांढरी टोपी घातलेले एक आबा माझ्या कयाकच्या शेपटीशी उभे. एका हातात किल्ली. दुसऱ्या हाताच्या चिमटीत काहीतरी केशरी, कुरळं. त्यांनी शांतपणे काडी ओढली, ते केशरी पेटवलं, विझवलं आणि नाकाशी धरलं.

"मेनबत्ती," आबा म्हणाले. "एचडी शे."

"आबा, हे काय करताय?"

"वास ल्ही राह्यनू."

माझ्या कयाकचा ढलपा काढून, जाळून, त्याचा वास घेत होते! ज्या कयाकला सोसायटीच्या वॉचमनचा हात लागला तरी मी फडकं घेऊन धावतो, ती कयाक!

हळूहळू उलगडा झाला. आबा मूळचे पारोळ्याचे. जळगावात एका चटईच्या कारखान्यात बावीस वर्षं दाण्यावर काढलेली. दाणा म्हणजे प्लास्टिकचा. तो वितळवायचा, पट्ट्या काढायच्या, मागावर चटया विणायच्या. आपण लग्नात, श्रावणात, दवाखान्याच्या व्हरांड्यात ज्या चट्टेरीपट्टेरी चटईवर बसतो, त्यातल्या कितीतरी जळगावच्या. निवृत्त झाले आणि लेकीकडे आले, पण नाक निवृत्त झालं नाही. समोर प्लास्टिक दिसलं की ते कुठल्या जातीचं, एचडी, एलडी की पीपी, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"कितला किलो?"

"बावीस."

आबांनी डोळे मिटले. बोटांवर हिशेब सुरू झाला. तोवर पंक्चरवाला पोरगा, चहावाला, दोन मोटारसायकलवाले आणि केळीचा टेम्पो थांबवून उतरलेला एक ड्रायव्हर असे सगळे त्या बोटांकडे बघायला लागले. मीही बघत होतो, ही माझी नामुष्की. मनात म्हटलं, निदान दहा-पंधरा चटया तरी निघतील.

आबांनी डोळे उघडले आणि फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "नही. ह्यानी चटई व्हत नही. चटईले पीपी लागस."

जमलेल्या लोकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मुलगी बघायला आलेले लोक पत्रिका जुळली नाही की पोह्यांकडे बघतात. मला राग यायला हवा होता तो खाचेचा. आला तो या नकाराचा. म्हटलं, "आबा, ही चटई नाहीये. नाव आहे. होडी."

"व्हडी? कितला जन बठतस?"

"एकच."

"मंग बाकीना?"

"बाकीचे नाहीतच. एकट्यानंच जायचंय."

इथे शांतता पसरली. केळीवाल्यानं हळूच विचारलं, "घरी सांगून निघालेत ना भाऊ?" बायकोला फोन लावून दाखवू की काय, असं क्षणभर वाटलं. गेले सहा महिने मी ऑफिसात 'सोलो' हा शब्द असा उच्चारतोय की समोरचा कॉफी खाली ठेवतो. इथे त्याचं भाषांतर झालं: याच्यासोबत कोणी यायला तयार नाही.

नर्मदेचं नाव काढलं तशी आबांची कळी खुलली. ते बसनं परिक्रमा करून आले होते. "परकम्मा करी राह्यना का?" म्हटलं, नाही, मधूनच जाणार. आबांनी कानाला हात लावला. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते, उजव्या हाताला ठेवायची असते, आणि हा गडी तिच्या अंगावरच बसायला निघालाय! मग थोडा वेळ टपाकडे बघत त्यांनी विचारलं, अगदी सहज,

"आमनी तापीमा पानी नही का?"

आहे. हीच तर पंचाईत आहे. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, तीन ठिकाणी बॅरेज बांधून पाणी अडवलंय. कयाकला त्याहून आणखी काय हवं? नर्मदा १३१२ किलोमीटर, तापी ७२४, पण मला जायचे होते तीन दिवस. खरं उत्तर असं, की नर्मदा म्हटलं की ऑफिसात लोक 'वा' म्हणतात, तापी म्हटलं की 'सुरतची ना?' विचारतात. हे आबांना कसं सांगणार? माझं आजोळ भडगावचं. लहानपणी तिथे तापीला मिळणाऱ्या गिरणेच्या वाळूत पाय भाजायचे. आता पाय भाजायला वाळूच उरली नाही. ट्रॅक्टर गेले, डंपर आले, नदीच्या जागी खड्डे उरले. आपल्या नद्या अशा रात्रीतून भरून नेऊ द्यायच्या आणि मग टपावर होडी बांधून दुसऱ्याची नदी बघायला जायचं. आणि मी राहतो ती इमारत कोणत्या नदीच्या वाळूची आहे, हे मी बिल्डरला कधी विचारलेलं नाही. असो. तेव्हा मी फक्त म्हणालो, "सुट्टी कमी आहे आबा." तापी तिथून अर्ध्या तासावर होती.

"व्हई," आबा म्हणाले, म्हणजे पटलेलं नाही.

चाक बसलं. पंक्चरचे पैसे दिले. निघताना आबांनी खाचेवरून अंगठा फिरवला, जणू ती आधीचीच असावी, आणि सल्ला दिला: जमलं नाही तर मधून उभी कापायची, दोन गव्हाणी होतात. म्हशीला बऱ्या.

सावळद्याच्या पुलावर तापी दिसली. रुंद, भरलेली, उन्हात स्वस्थ पडलेली. मी काच खाली केली नाही. पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा, खलघाट. सगळीकडे डोक्यात एकच: पीपी लागस.

आताच नकाशा पाहिला. परतताना खेतिया-शहाद्यावरून जाणार आहे. रस्ता लांबचा, पण नरडाणं लागत नाही. तापी मात्र सारंगखेड्याला ओलांडावीच लागेल. तिथे पंक्चर झालं तर मी गाडी रिमवर चालवीन.