डिफ घसरतोय म्हणून स्क्रू आवळत बसू नका

आरसी, म्हणजे रिमोटवरच्या छोट्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये डिफबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय. डिफ म्हणजे डिफरन्शियल, वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग; आत बॉल असतील तर बॉल डिफ, दातांचे गिअर असतील तर गिअर डिफ. चारच वाक्यं आहेत, त्यामुळे चटकन पाठ होतात. "थ्रॉटल दिल्यावर मागून किर्र आवाज आला की डिफ घसरतोय. आवाज थांबेपर्यंत डिफचा स्क्रू आवळा. तरी घसरला तर उघडून भरपूर ग्रीस भरा. नाहीच जमलं तर गिअर डिफ टाका, तो कधीच घसरत नाही."

गेल्या महिन्यात शेजारच्या इमारतीतला नववीतला मुलगा आपली वन-टेन (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची), मागच्या दोन चाकांवर चालणारी टू-व्हील बगी घेऊन आला. दिवाळीचे साठवलेले पैसे घालून घेतलेली. आम्ही वर्तमानपत्र पसरून डिफ उघडला. डिफचा स्क्रू ज्यात बसतो त्या टी-नटचा एक कान मोडलेला. स्क्रूच्या डोक्याखालच्या थ्रस्ट बेअरिंगमधले मोहरीएवढे बॉल काळ्या चिखलात रुतलेले, त्यातले दोन चपटे. डिफच्या पोलादी रिंगवरून नख फिरवलं तर खाच स्पष्ट लागत होती. त्याने या सल्ल्यातलं एकेक वाक्य पाळलं होतं. म्हणून हे लिहितोय.

पहिलं वाक्य घेऊ. मागून आवाज आला म्हणजे डिफच, हे गृहीत कशाला धरायचं? स्लिपर (झटका बसला की घसरून बाकीचे भाग वाचवणारा क्लच) सैल असला तरी गाडी सुटताना आवाज येतो. मोटरवरच्या छोट्या पिनियन गिअरचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) सुटला, त्याला जोडलेल्या मोठ्या स्पर गिअरचे दोन-तीन दात गेले, चाकाचा 12 मिलिमीटरचा हेक्स (षटकोनी बैठक) आतून गोल झाला किंवा त्याची पिन पडली, तरी मोटर फिरते आणि गाडी मात्र हलत नाही. हे सगळं आधी डोळ्यांनी बघून घ्या.

मग डिफची परीक्षा. एका हाताने स्पर गिअर धरा, मागचं एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसरं चाक पुढे फिरवून बघा. बॉल डिफ ठीक असेल तर चाक जागचं हलत नाही, हलवायला चांगलाच जोर लागतो. सहज फिरलं तर डिफ घसरतोय. आता दोन्ही चाकं धरून स्पर अंगठ्याने पुढे रेटा. इथे आधी स्लिपरच सुटायला हवा. उडीनंतर गाडी जमिनीवर आदळते तेव्हाचा झटका स्लिपरने खायचा असतो, डिफने नाही. स्लिपर डिफपेक्षा घट्ट असेल तर प्रत्येक उडीचा मार डिफच्या बॉलवर बसतो आणि दोष मात्र डिफच्या माथी येतो.

दुसरं वाक्य सगळ्यात घातक आहे. खरं नुकसान तिथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बॉल डिफमध्ये दात नसतात. डिफ गिअरच्या भोकांत बसलेले बॉल दोन पोलादी रिंगांमध्ये दाबले जातात आणि त्या दाबातून जी पकड मिळते तिच्यावर चाकं फिरतात. बॉल रिंगला टेकतो तो अगदी टिचभर जागेत. जास्त आवळलं की सगळा दाब त्या बिंदूवर येतो, रिंगवर खाच पडते, खाचेत बॉल अडकत-सुटत फिरायला लागतो. वळणावर डिफ मोकळा होत नाही, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जात राहते. डिफ सैल ठेवणंही तितकंच वाईट, कारण मग बॉल लोळायच्या ऐवजी घासले जातात आणि चपटे होतात. त्यामुळे आवाज ऐकल्यावर गाडी लगेच थांबवायची हे बरोबरच. थांबवल्यावर काय करायचं, तिथे हा सल्ला चुकतो.

कित्येकांची तक्रार असते की सकाळी आवळलेला डिफ संध्याकाळी पुन्हा सैल. याचं कारण बहुतेक वेळा थ्रस्ट बेअरिंगमध्ये असतं. टी-नट एका आउटड्राइव्हमध्ये (चाकाचा दांडा ज्यात अडकतो तो डिफच्या बाजूचा भाग) अडकलेला असतो आणि स्क्रूचं डोकं दुसऱ्या आउटड्राइव्हमध्ये या बेअरिंगवर टेकलेलं. वळणावर दोन्ही आउटड्राइव्ह उलट दिशांना फिरतात तेव्हा स्क्रू टी-नटबरोबर सुखाने फिरावा, एवढ्यासाठीच ते बेअरिंग तिथे आहे. त्यात माती गेली, पावसाळ्यात गंज धरला की ते जाम होतं. मग स्क्रू दुसऱ्या आउटड्राइव्हबरोबर ओढला जातो आणि वळणावळणाला आपोआप सुटतो किंवा आवळला जातो. अशा डिफचा स्क्रू पिळून काय होणार? त्या मुलाच्या डिफमध्ये टी-नटचा कान मोडला तो असाच.

ओळखायची खूण सोपी आहे. गाडी उचला आणि एक चाक हळू फिरवा, दुसरं उलटं फिरेल. बोटांना वाळू चिरडल्यासारखी खरखर लागली तर डिफ उघडायची वेळ झाली. स्क्रू कितीही फिरवला तरी ती खरखर जात नाही.

ग्रीसबद्दल. "भरपूर" हा शब्दच चुकीचा आणि "ग्रीस" हा अर्धवट. इथे दोन वेगळी ग्रीस लागतात. रिंग आणि मोठ्या बॉलना पारदर्शक सिलिकॉनचं बॉल डिफ ग्रीस, तेही पातळ थर. थ्रस्ट बेअरिंगला काळं, मॉलिब्डेनमवालं. काळ्या ग्रीसचं कामच घर्षण कमी करणं. ते रिंगला लागलं की डिफ घसरणारच. गॅरेजमधलं बेअरिंग ग्रीसही नको, तेलाचा फवारा तर नकोच नको. चुकीचं लागलं असेल तर सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, कोरडे करून नव्याने लावा.

गिअर डिफ मी स्वतः वापरतो आणि मला तो आवडतो. पण "कधीच घसरत नाही" हे खरं नाही. त्याचं दुखणं निराळं असतं. एक चाक हवेत गेलं की ताकद तिकडे पळते आणि जमिनीवरचं चाक मंदावतं. 1984 च्या टामिया कंपनीच्या हॉर्नेट गाडीमध्ये साधा, तेलाविना गिअर डिफ होता. ती गाडी वळणावर आतलं चाक नुसतं फिरवत बसते, म्हणून लोक त्यात घट्ट ग्रीस कोंबतात. आताच्या गाड्यांत सिलिकॉन तेल भरतात. वन-एट बगीत पुढे 5,000, मध्ये 5,000, मागे 3,000 सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) ही मांडणी हमखास ऐकू येते. ओ-रिंग (तेल अडवणारं रबरी कडं) गळाली की तेल जातं आणि डिफ महिनाभरात पुन्हा मोकळा. काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर फुगून बाहेर येतं, म्हणून वर थोडी जागा सोडायची. आणि तेल टाकूनही कटकट आवाज येत असेल तर आतले दात गेलेत, त्यावर तेलाचा इलाज नाही.

त्या मुलाच्या बगीला आम्ही नवा टी-नट, नवा स्क्रू आणि नवं थ्रस्ट बेअरिंग घातलं. मोठे बॉलही नवे घेतले. रिंगा मात्र जुन्याच ठेवल्या, कारण त्यांची दुसरी बाजू कोरी होती. काचेवर पाणी टाकून 600 नंबरच्या पॉलिश पेपरवर इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फिरवल्या, चकाकी गेली तेवढं पुरे. स्क्रू हलक्या हाताने स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत नेला आणि साधारण अर्धपाव फेरा मागे घेतला. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. नंतर एक चाक धरून कमी थ्रॉटलवर अर्धा मिनिट चालवली, मग दुसरं चाक धरून तेवढंच. स्क्रू पुन्हा तपासला, किंचित सैल झाला होता, तेवढाच आवळला. स्लिपर आधी सुटतोय हे त्याने स्वतः दोन्ही चाकं धरून बघितलं आणि मगच बॅटरी लावली.