मी काहीच केलं नाही, आपोआप झालं

माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे एका विमा कंपनीच्या वेबसाईटवर वय ६० टाकलं की प्रीमियम वाढतो का, ६१ टाकलं की अजून वाढतो का, आणि जन्मतारीख उद्याची टाकली तर काय होतं, हे दिवसभर बघत बसायचं. पण आमच्या नातेवाइकांच्या कानावर फक्त 'टेस्टिंगमध्ये आहे' एवढंच गेलंय, त्यामुळे खानदानातला प्रत्येक बिघडलेला मोबाईल शेवटी माझ्या हातात येतो. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या जेवणाला पानावर बसल्याबसल्या. आणि फोन देताना जे वाक्य येतं ते ठरलेलं असतं, 'मी काहीच केलं नाही गं, आपोआप झालं.'

तर चिंचवडच्या आत्याचा फोन. तक्रारी अशा की मधेच आपोआप टाईप होतं, आपोआप कुणालाही फोन लागतो (सकाळी सहाला गॅसवाल्याला लागला होता, तो बिचारा सिलेंडर घेऊन आला), लॉक उघडायच्या आधीच जाहिराती येतात, समोरच्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि फोन घेतला की स्क्रीन काळी होते ती समोरच्याने ठेवल्याशिवाय उजेड दिसत नाही. एवढं सगळं एकाच फोनला. तरी चालू होता हे विशेष.

माझ्याकडे यायच्या आधी आत्या दोन दुकानं फिरून आली होती. पहिल्याने फोन हातात घेऊन, उलटासुलटा करून, 'फोल्डर गेलाय' सांगितलं. डिस्प्लेला या लाईनीत फोल्डर म्हणतात, आणि तो गेलाय म्हणजे साडेचार हजार गेले. दुसरा म्हणाला फोल्डर ओके आहे, 'सॉफ्टवेअर मारावं लागेल, पण डेटा जाईल.' म्हणजे फोन कोरा करून सॉफ्टवेअर नव्याने टाकायचं. हे ऐकून आत्या तिथून तडक निघून आली. मी म्हटलं बरं केलंस, फोटोबिटो सगळे गेले असते. तर म्हणते, 'फोटोचं काय घेऊन बसलीस, परवाच ८४ दिवसांचा रिचार्ज मारलाय, डेटा कसा जाऊ देईन?'

आता बिघाड हार्डवेअरचा आहे का सॉफ्टवेअरचा, हे आधी वेगळं करावं लागतं, आणि त्याला फुकटातला उपाय म्हणजे सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून धरायचं, पॉवर ऑफ असं आलं की त्याच्यावर बोट दाबून धरायचं, मग फोन विचारतो सेफ मोडमध्ये जायचं का. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हे असंच चालतं. त्यात फोनबरोबर आलेली अ‍ॅप्स तेवढी चालतात, आपण नंतर टाकलेली सगळी झोपून राहतात. तिथेही त्रास तसाच असेल तर संशय हार्डवेअरवर, आणि त्रास गेला तर आपणच घरात घेतलेलं कुठलंतरी अ‍ॅप चोर. शास्त्र सोपं आहे. अवघड आहे ते शास्त्र चालू असताना फोनचा मालक शेजारी बसलेला असणं.

'व्हॉट्सॅप कुठे गेलं?'

'आहे गं आत्या, आत्ता बंद आहे फक्त.'

'पंचांग पण नाहीये. अहो, हिने पंचांग घालवलं!'

काका बाल्कनीत पेपर वाचत होते, ते तिथूनच म्हणाले, 'आज दशमी आहे.' आणि परत पेपर वर केला. काकांची ही सवय पुढे महत्त्वाची आहे म्हणून सांगून ठेवते.

सेफ मोडमध्ये जाहिराती एकदम गायब. मग सेटिंगमध्ये जाऊन बघितलं की इतर अ‍ॅप्सच्या वर दिसायची परवानगी कुणाकुणाला दिलीये, आणि तिथे तीन पाहुणे सापडले. एक टॉर्चचं अ‍ॅप, फोनमध्ये कंपनीचा टॉर्च असताना. एक फोन साफ करणारं. आणि एक फोन थंड करणारं, ज्यात बटण दाबलं की स्क्रीनवर बर्फ पडतो. बर्फ पाडायला प्रोसेसरला जे काम लागतं त्याने फोन अजून गरम होतो, की आत्या परत बटण दाबते. मी विचारलं हे कुणी टाकलं. 'आपोआप आलं.' खरं सांगायचं तर इथे मी तिला थोडं सोडून दिलं, कारण 'तुमच्या फोनमध्ये १७ व्हायरस' असली जाहिरात थरथरत समोर आली की भलेभले ओके दाबतात. तिघांना काढलं, फोन साधा चालू केला, जाहिराती बंद. सॉफ्टवेअरचं खातं इथे मिटलं. ('सॉफ्टवेअर मारणारा' हेच करणार होता, फक्त घर साफ करायला घर जाळून.)

मग हार्डवेअर. काही कंपन्यांच्या फोनमध्ये डायलरवर *#०*# टाकलं की एक छुपा टेस्टचा मेनू उघडतो, आत्याचा फोन नशिबाने त्यातलाच निघाला. काही कंपन्यांत दुसरे नंबर असतात, काहींनी हे प्रकरण वॉरंटीच्या अ‍ॅपमध्ये नेऊन ठेवलंय. तर त्या मेनूत मोठे मोठे चौकोन असतात, लाल, हिरवा, निळा, रिसीव्हर, व्हायब्रेशन, टच, सेन्सर. लाल दाबलं की सगळी स्क्रीन नुसती लालभडक होते, मेलेला एखादा ठिपका असेल तर काळा दिसतो. मला ठिपका दिसला नाही पण आत्याला लाल दिसलं, आणि तिने देवघराकडे बघितलं. व्हायब्रेशन दाबलं तर ते थांबतच नाही, परत दाबेपर्यंत चालू राहतं, फोन टीपॉयवरून चालत चालत चिवड्याच्या ताटलीला जाऊन धडकला. टचच्या टेस्टमध्ये स्क्रीनच्या कडेने बारीक चौकटी येतात आणि मधे मोठी फुली, त्यावरून बोट फिरवून सगळ्या रंगवायच्या, जिथे रंग चढणार नाही तिथे टच मेला. मी एकेक चौकट रंगवत गेले. सगळ्या रंगल्या. म्हणजे फोल्डर जिवंत होता आणि साडेचार हजार तूर्तास वाचले.

स्क्रीन काळी होण्याचं कारण सेन्सरच्या पानावर कळलं. कानाच्या जाळीजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो, तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकतो आणि परत आला की समजतो गाल जवळ आलाय, मग स्क्रीन बंद करतो, नाहीतर बोलता बोलता गालानेच फोन कट झाला असता. इथे गाल नव्हता, बोट नव्हतं, तरी सेन्सर कुणीतरी चिकटून बसल्याचं सांगत होता. चिकटून बसली होती ती टफन ग्लास. काळ्या काठाची, दुसऱ्याच मॉडेलची, दुकानदाराने 'बसते हो' म्हणून बसवलेली, तिचा काळा काठ बरोब्बर सेन्सरवर. ग्लास काढली, सेन्सर शुद्धीवर आला. आवाज बारीक येत होता त्याचं कारण जाळीत बसलेली पावडर. कोरड्या मऊ ब्रशने झाडली, थोडीफार निघाली. गोकुळ पावडर की कुठली ते विचारलं नाही.

आता राहिलं ते आपोआप टाईप होणं. म्हटलं आधी पाणीबिणी गेलंय का बघू. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत आत एक बारका पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की तो लाल होतो आणि परत पांढरा होत नाही. सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटी नाकारायच्या आधी हाच बघतात. मी सिमचा ट्रे काढला, टॉर्च मारला. लालेलाल.

'आत्या, फोन पाण्यात पडला होता का?'

'छे.'

'हे लाल झालंय.'

'घाम असेल. उकाडा काय आहे बघ.'

'घामाने नाही होत एवढं.'

'मग कंपनीतूनच तसा आला असेल, यांनी ऑनलाईन मागवलाय.'

बाल्कनीतून पेपरच्या मागून आवाज आला, 'संकष्टीला बादलीत पडला नव्हता का?'

मग सगळं बाहेर आलं. पडला होता, पण लगेच काढला होता. लगेच म्हणजे किती, तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिला कळलंच नव्हतं. आणि काढल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवला होता. मी म्हटलं अगं तांदळात नको ठेवूस, २०२४ मध्ये अ‍ॅपलनेसुद्धा सांगितलंय की ओला आयफोन तांदळात घालू नका, तांदळाचे कण आत जाऊन अजून वाट लागते, त्यापेक्षा चार्जिंगचं तोंड खाली करून हातावर हळूच आपटायचा आणि हवेशीर जागी सुकू द्यायचा. आत्या म्हणाली, 'त्यांच्याकडचा तांदूळ कसला असेल देव जाणे, हा आंबेमोहोर होता.' फोन बंद करून, लाकडी टूथपिक घेऊन चार्जिंगच्या भोकात हलकेच फिरवली तर खरंच पांढरी कणी निघाली, आणि मागोमाग कापसाचा बोळा. वास घ्यायचा मोह आवरला.

म्हटलं, झालं, बादलीच कारण. पण टचच्या चौकटी तर सगळ्या रंगल्या होत्या, हे काही पटेना. टेस्टिंगवाल्या माणसाला कारण सापडून चालत नाही, बिघाड परत समोर घडवून दाखवावा लागतो, नाहीतर डेव्हलपर लोक 'माझ्याकडे चालतंय' म्हणून बग बंद करतात. म्हणून शेवटचं हत्यार काढलं. फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टकटक केलं की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, तिथे पॉइंटर लोकेशन चालू केलं की स्क्रीनला कुठे कुठे स्पर्श झाला त्याच्या रेघा उमटतात. ७ वेळा दाबल्यावर फोन जाहीर करतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. हे आत्याने मोठ्याने वाचलं. काका बँकेतून रिटायर झालेत, ते पहिल्यांदा पेपर खाली ठेवून आत आले. 'एवढ्यात? शेजारच्या मुलाने चार वर्षं आणि बारा लाख घालवले.'

फोन टीपॉयवर ठेवला. कुणी हात लावायचा नाही म्हटलं. काही नाही, एक रेघ नाही. पाच मिनिटं आम्ही तिघं बंद न पडणाऱ्या फोनकडे बघत बसलो. मग आत्या म्हणाली, 'बॅटरी संपेल गं, बघताना चार्जिंगला तरी लाव.' आणि तिने प्लग घातला.

घातल्या घातल्या स्क्रीनवर रेघांचं जाळं. कुणीही हात न लावता वरून खाली, आडव्या, उभ्या, एक कोपऱ्यात नुसती थरथरत राहिली. आत्याने हात जोडले. मी प्लग काढला, शांत. घातला, परत रांगोळी. भिकार चार्जर असला की त्याच्या विजेतली गडबड टचपर्यंत पोचते आणि स्क्रीनला वाटतं बोटं फिरतायत, हे वाचलेलं होतं, इतकं स्वच्छ कधी बघितलं नव्हतं. मी चार्जर उलटा केला. कंपनीचं नाव नाही, छाप नाही, मागे एक स्टिकर अर्धा निघालेला.

'हा फोनबरोबर आला होता?'

आत्याने एकही क्षण घालवला नाही. 'यांनी आणलाय. ट्रेनमध्ये. दीडशेला दोन.'

काका म्हणाले, चार्जरचा काही संबंध नाही, दुसरा ते स्वतः वापरतात, काही होत नाही. मी माझा चार्जर लावून दाखवला, एक रेघ आली नाही. काका म्हणाले तुझ्या चार्जरला कमी व्होल्टेज असेल. परत त्यांचा लावला, परत रांगोळी. यावर ते म्हणाले की वायरिंग जुनं आहे बिल्डिंगचं. मी ऑफिसमध्ये डेव्हलपर लोकांशी रोज भांडते, पण पुरावा डोळ्यांसमोर नाचत असताना इतक्या शांतपणे नाकारणारा माणूस बघितला नव्हता. शेवटी तो चार्जर त्यांनी गुंडाळून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला, 'असू दे, कुणाला तरी होईल.'

निघायच्या आधी मी प्रत्येकाच्या फोनवर करते ते काम केलं, *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढला आणि आत्याकडून वहीत लिहून घेतला. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर तक्रार करून ब्लॉक करायला तोच लागतो, शिवाय कुणी जुना फोन विकायला आला तर इंग्रजीत KYM, मग जागा सोडून त्या फोनचा हा नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवला की फोनची माहिती येते. आत्याने नंबर दुधाच्या हिशोबाच्या पानावर लिहिला. पुढच्या महिन्यात गवळ्याला काय समजेल ते समजो.

चहा झाला, चप्पल घातली, तेवढ्यात आत्या फोन घेऊन दारात.

'एवढं एकच बघ गं. मोठ्या जाऊबाईंना मी रोज सकाळचं फूल पाठवते ना, तर गेल्या पंधरा दिवसांपासून एकच टिक येते. त्यांचा फोटोपण दिसेना. त्या बादलीनेच झालं असेल का?'

मी बघितलं. एकच टिक. फोटो नाही, लास्ट सीन नाही, फुलांची रांग मात्र लांबलचक, वरच्या सगळ्या फुलांना निळ्या टिका आणि बरोबर हळदीकुंकवाच्या तारखेपासून खाली एकेक करडी. हळदीकुंकवाला काय झालं होतं ते मला आईकडून कळलेलं होतं.

'त्यांच्याकडे नेट नसेल गं,' मी म्हटलं. 'तिकडे रेंजचा प्रॉब्लेमच आहे.'

बाल्कनीत पेपर खाली यायला लागला, काकांनी घसा खाकरला आणि 'अगं, तिने तुला' एवढं ते म्हणाले असतील नसतील, तेवढ्यात मी चप्पल परत काढली आणि म्हटलं, 'काका, तुमचा फोन आणा बरं जरा, तोही बघून टाकते.'