किती हे विल्सन!

‘विल्सन यांनी दाखवून दिलं’ एवढंच लिहून मोकळे होणारे लोक मला एकदा भेटायलाच हवेत. अहो, कोण विल्सन? पूर्ण नाव लिहायला शाई कमी पडते का? भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले विल्सनच तीन आहेत! १९२७चे क्लाउड चेंबरवाले (अणूहून लहान कणांचा माग दाखवणारं उपकरण) चार्ल्स, १९७८चे रॉबर्ट, १९८२चे केनेथ. त्यात या रॉबर्टचं मधलं नाव वूड्रो. म्हणजे शांततेचं नोबेल मिळवणारे अमेरिकेचे अध्यक्ष वूड्रो विल्सन मध्ये घुसलेच.

धरणांचं तर विचारूच नका. विल्सन धरण म्हटलं की आपल्याला भंडारदरा आठवतं, प्रवरेवरचं. १९२६ साली पुरं झालं, नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. पण अमेरिकेत टेनेसी नदीवरही एक विल्सन धरण आहे, १९२४चं, आणि ते वूड्रोंच्या नावाचं. दोन वर्षांच्या अंतरानं दोन विल्सन धरणं! मग एकाचे आकडे दुसऱ्याला चिकटतात आणि आपण बसतो निस्तरत.

विल्सन रोग आणखी कुणा विल्सनचा. त्यात शरीरात तांबं साठत जातं. माउंट विल्सनच्या वेधशाळेचा यातल्या कुणाशीच संबंध नाही.

बरं, निदान आद्याक्षर तरी लिहा म्हणावं, तर तीही सोय नाही. अविभाज्य संख्यांविषयीच्या ‘विल्सनच्या प्रमेया’चे जॉन विल्सन (ते सिद्ध मात्र लाग्रांज या गणितज्ञानं केलं) आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजचेही जॉनच!