पोस्टग्रेस विंडोजवर नुसतं कम्पाइल होऊन आलेलं नाही

‘ओपन सोर्स डेटाबेस आहे, सी भाषेत लिहिलाय. सोर्स घ्या, विंडोज सर्व्हरवर कम्पाइल करा, झालं. पोस्टग्रेसवाल्यांनी 2005 पर्यंत विंडोज आवृत्ती काढली नाही ती निव्वळ आकसापोटी. आणि आता तर लिनक्सवरचा डेटा फोल्डर उचलून तिकडे ठेवला की काम फत्ते.’ हे म्हणणं सध्या सर्रास फिरतंय. त्यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत आणि त्यांच्या भरवशावर ऑफिसांमध्ये तारखा ठरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कम्पाइलचं, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं. भाषा सी असली तरी कोड ज्या सिस्टिमवर वाढला तिच्या सवयी त्याच्या अंगात मुरलेल्या असतात. पोस्टग्रेस युनिक्सवर वाढलं. तिथे नवं कनेक्शन आलं की मुख्य प्रोसेस, म्हणजे पोस्टमास्टर, फोर्क करते. तिची हुबेहूब प्रत तयार होते. सेटिंग्ज, उघडे सॉकेट (नेटवर्क जोडण्या), शेअर्ड मेमरी (सगळ्या प्रोसेसनी मिळून वापरायची मेमरी) हे सगळं त्या प्रतीला आयतं मिळतं. विंडोजच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमना ती देत असलेल्या फंक्शनांमध्ये, हा फोर्कच नाही. तिथली नवी प्रोसेस कोरी पाटी घेऊन सुरू होते. त्यामुळे विंडोजसाठी वेगळी वाट बांधावी लागली: पोस्टमास्टरने लागणारी माहिती बाजूला काढून ठेवायची, नव्या प्रोसेसने ती वाचून घ्यायची आणि मग शेअर्ड मेमरी स्वतःला जोडायची. तीही अगदी त्याच पत्त्यावर, कारण आतले पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागांचे नोंदलेले पत्ते, त्या पत्त्यावर बेतलेले असतात.

दुखणं नेमकं इथेच निघालं. नव्या प्रोसेसमध्ये एखादी डीएलएल (प्रोसेसमध्ये लोड होणारी कोडची फाइल), उदाहरणार्थ अँटीव्हायरसने घुसवलेली, त्याच जागेवर येऊन बसली की मेमरी जोडली जायची नाही. कनेक्शन तुटायचं आणि लॉगमध्ये ‘कुड नॉट रीअटॅच टू शेअर्ड मेमरी’ अशी ओळ पडायची. कधी व्हायचं, कधी नाही. असा दोष पकडणं फार जिकिरीचं. उपाय 2009 मध्ये आला. नवी प्रोसेस थांबलेल्या अवस्थेत निर्माण करायची, तिने एकही सूचना चालवण्याआधी पोस्टमास्टरने बाहेरूनच तो पत्ता तिच्यात राखून ठेवायचा, आणि मग तिला मोकळं सोडायचं. मला हा उपाय आजही अतिशय सुंदर वाटतो. कुठल्याही कम्पायलरच्या स्विचमधून तो निघाला नसता.

फाइलींचंही तसंच. युनिक्सवर कोणी उघडून ठेवलेली फाइल रीनेम किंवा डिलीट करता येते. विंडोजवर बॅकअप सॉफ्टवेअरने ती धरून ठेवली असेल तर नकार मिळू शकतो. म्हणून पोस्टग्रेसमध्ये विंडोजपुरतं रीनेमचं स्वतःचं फंक्शन आहे; नकार आला की 100 मिलिसेकंद थांबून ते पुन्हा प्रयत्न करतं, एकूण 10 सेकंदांपर्यंत. युनिक्सचे सिग्नल (एका प्रोसेसने दुसरीला पाठवायचे इशारे) विंडोजवर नाहीत, त्यांची नक्कल नेम्ड पाइपवर, म्हणजे प्रोसेसमधल्या संदेशांच्या नळीवर, उभी केली आहे. 64 बिट विंडोजवर सी भाषेतला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार 32 बिटांचाच राहतो, 64 बिट लिनक्सवर मात्र तो 64 बिटांचा असतो. लाँगमध्ये पॉइंटर मावतो हे गृहीत धरलेल्या जागा दुरुस्त व्हाव्या लागल्या आणि 64 बिट विंडोज आवृत्ती 2010 मध्ये, पोस्टग्रेस 9.0 बरोबर आली.

आकसाचा आरोप तर तारखांपुढेच टिकत नाही. सर्व्हर आधीपासून सिग्विनवर (विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालत होता, क्लायंट लायब्ररी (सर्व्हरशी जोडणारा कोड) विंडोजवर थेट कम्पाइल होत होती. सिग्विनशिवाय थेट विंडोजवर चालणारा सर्व्हर पोस्टग्रेसच्या 7.4 या आवृत्तीत द्यायचा बेत होता. नोव्हेंबर 2003 मध्ये 7.4 आली तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं, म्हणून ते थांबवलं. जानेवारी 2005 च्या 8.0 मध्ये ते आलं. ब्रूस मॉमजियान, मॅग्नस हेगँडर आणि इतर अनेकांनी त्यासाठी राबून काम केलं. त्या पहिल्या आवृत्तीत विंडोजवर यूटीएफ-8 (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) चालत नव्हतं, म्हणजे देवनागरीवाल्यांची पंचाईतच. वर्ष संपायच्या आत 8.1 ने तीही सोडवली: तुलना करताना मजकूर विंडोजच्या यूटीएफ-16 मध्ये बदलून घ्यायचा. आकस असलेली माणसं इतकं करत नाहीत.

राहिला डेटा फोल्डर, आणि खरा धोका इथेच आहे. मजकुराचे इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या क्रमवार याद्या) सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्णक्रमाने लावलेले असतात. लिनक्सची जीलिबसी (तिथली मूळ सी लायब्ररी, जी हा क्रम ठरवते) आणि विंडोज यांचा क्रम एकच असेल याची हमी नाही. ळ, क्ष, ज्ञ कुठे येतात इथपासून फरक पडू शकतो. लोकेलची (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगची) नावंही दोन्हीकडे वेगळी, त्यामुळे बहुधा डेटाबेस उघडायलाच नकार देईल, आणि ते बरंच म्हणायचं. नकार न देता उघडला आणि क्रम जुळला नाही, तर ‘काळे’ आडनावाची ओळ टेबलात असूनही इंडेक्समधून सापडणार नाही, आणि युनिक इंडेक्स (एक किंमत एकदाच येऊ देणारा) असलेल्या कॉलमात तीच किंमत दुसऱ्यांदा शिरू शकेल. एररही येणार नाही. 2018 मध्ये जीलिबसी 2.28 ने क्रम बदलला तेव्हा लिनक्सवरून लिनक्सवर जाणाऱ्यांनाही इंडेक्स पुन्हा बांधावे लागले. इथे तर सिस्टिमच बदलते आहे.

डेटा हलवायचा तर पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या पीजी_डम्पने काढा आणि पीजी_रिस्टोअरने भरा. इंडेक्स नव्या सिस्टिमच्या क्रमाने नव्याने बांधले जातात. डेटाबेस मोठा असेल आणि बंद ठेवणं परवडत नसेल तर 10 व्या आवृत्तीपासून लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे चालू डेटाबेसमधले बदल दुसरीकडे सतत पाठवत राहण्याची सोय, आहे. दोन्हींना वेळ लागतो. तारीख कबूल करण्याआधी खऱ्या डेटावर एकदा पूर्ण डम्प आणि रिस्टोअर चालवून तो वेळ मोजा.