टूल बदललं की झेड पुन्हा घ्या

सीएनसी राऊटरवर (कॉम्प्युटरच्या फाईलप्रमाणे लाकूड कापणाऱ्या-कोरणाऱ्या मशीनवर) शिकणाऱ्या पोरांच्या पगारातून बिघडलेल्या मालाचे पैसे कापू नका, असं मी वर्कशॉपवाल्या मित्रांना नेहमी सांगतो. बऱ्याच जणांना पटत नाही. म्हणून माझ्याच हातून झालेलं लिहितो.

तेव्हा मी भोसरीत एका शेठकडे मशीन चालवायचो. एका गिऱ्हाइकाने गावचा वाडा उतरवला होता. त्यातल्या सागवानी तुळईच्या फळ्या पाडून त्यांनी देवघराच्या दारासाठी आणल्या. 32 मिमी जाडी, त्यावर 8 मिमी खोल कमळ. 6 मिमीच्या बिटने (कापणाऱ्या टूलने) रफिंग, म्हणजे आधीचं ढोबळ कोरीव, छान झालं. फिनिशिंगला बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचं बिट, लावलं आणि झेड झिरो न घेताच, म्हणजे नव्या बिटचं टोक फळीला कुठे टेकतं ते मशीनला न सांगताच, स्टार्ट दाबलं. नवीन बिट कोलेटमधून (बिट धरणाऱ्या पकडीतून) आधीच्यापेक्षा 11 मिमी जास्त बाहेर आलेलं. मशीनला ते कुठून कळणार? ते जुन्याच मापाने खाली गेलं. सेफ हाईट, म्हणजे कापत नसताना बिट फळीच्या जितकं वर ठेवतात ती उंची, होती 10 मिमी, त्यामुळे जागेवर जाता जाताच फळीवर ओरखडा उठला, आणि पुढच्या क्षणी बिट कमळात घुसलं. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. इमर्जन्सी दाबेपर्यंत बिट तुटलं होतं.

शेठना मी म्हणालो, "मशीनने स्टेप सोडली," म्हणजे मोटर सांगितलं तितकी फिरलीच नाही. आदल्याच महिन्यात एका शीटचे पैसे पगारातून गेले होते, खोलीचं भाडं थकलं होतं. शेठनी विश्वास ठेवला. मेकॅनिक आला, झेडची (बिट वर-खाली करणारी) मोटर आणि ती चालवणारा ड्रायव्हर बदलला, दोन दिवस मशीन बंद. बिघाड नव्हताच, तर सापडणार काय? गिऱ्हाईक आले, फळीवरून हात फिरवत उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. त्या वाड्याचं लाकूड मी कुठून भरून देणार होतो?

खोटं बोललो तो दोष माझाच. पण पैसे कापले जाण्याची धास्ती असली की माणूस आधी सबब शोधतो, आणि खरं कारण कुणालाच कळत नाही. काही महिन्यांनी त्याच मशीनवर दुसऱ्या पोराने नेमकं हेच केलं. मी तोंड उघडलं असतं तर त्याचं बिट वाचलं असतं.

आता माझ्या वर्कशॉपमध्ये एक वही आहे. कुठली फाईल, कुठलं बिट, काय बिघडलं, ते ज्याच्या हातून झालं त्यानेच लिहायचं. पगाराला हात लावत नाही. रफिंग आणि फिनिशिंगच्या फाईली वेगळ्या झाल्या त्या या वहीमुळे. जुन्या लाकडावर मेटल डिटेक्टर फिरवतो तोही हिच्यामुळेच, तुळईत खिळे गाडलेले असतात.

मागच्या आठवड्यात नव्या पोराने 18 मिमी एमडीएफमधून छोटे तुकडे आरपार कापले. शीट खाली ओढून धरणाऱ्या व्हॅक्यूमची पकड सुटली, तुकडा सरकला, शीट वाया गेली. मी विचारायच्या आधीच त्याने वहीत लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: "छोट्या तुकड्यांना तळाशी 0.5 मिमी पापुद्रा ठेवून मग हाताने सोडवले तर?"

सोमवारपासून आम्ही तसंच कापतोय.